बाबांच्या डायऱ्या वाचून उत्तर देणारा एआय घरी कसा बसवायचा

पत्र: आमची दिग्रस तालुक्यात १२ एकर कोरडवाहू शेती आहे, तीन वावरं (शेतं). पऱ्हाटी (कपाशी), सोयाबीन, तूर. बाबांनी २००४ ते २०२२ रोज डायरी लिहिली. १९ डायऱ्या आहेत. पेरणी, फवारणी, मजुरी, पाऊस, भाव, सगळं त्यात आहे. आता त्यांना बारीक दिसत नाही. एआयला ह्या डायऱ्या शिकवाव्या आणि बाबांनी तोंडानं विचारलं की उत्तर मिळावं, असं मनात आहे. एका मोफत ॲपमध्ये दोन डायऱ्यांचे फोटो आणि विद्यापीठाच्या काही पीडीएफ टाकल्या. ‘वरच्या वावरातली पऱ्हाटी २०१२ला लाल पडली, तेव्हा बाबांनी काय केलं?’ असं विचारलं. त्यानं औषधाचं नाव, प्रमाण सगळं ठासून सांगितलं. डायरी उघडून पाहिली तर त्यातलं काहीच नव्हतं. ट्रेनिंग नीट कसं द्यायचं? लॅपटॉप १६ जीबी रॅमचा आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. नेट कधी असतं, कधी नसतं.
— एक वाचक, जि. यवतमाळ

भाऊ, नमस्कार.

औषधाचं प्रमाण त्या उत्तरावर विसंबून मारलं नाही, आधी डायरी उघडली, हे फार चांगलं केलं. ती सवय पुढेही सोडू नका.

ट्रेनिंगचा विचार मात्र सोडून द्या. मॉडेलला, म्हणजे उत्तर रचणाऱ्या एआयला, ट्रेन करणं म्हणजे त्याच्या आतले कोट्यवधी आकडे थोडे थोडे सरकवणं. त्यातून बोलण्याची ढब शिकवता येते. ‘वरच्या वावरात १८ जूनला पेरलं’ ही एकच ओळ त्यात नेमकी बसवता येत नाही. २०१२ची फवारणी २०१५ला जाऊन चिकटते, आणि हे कोणत्या पानावरून सांगितलं ते मॉडेलला दाखवता येत नाही. एक नवी नोंद आली की पुन्हा सगळा खटाटोप करावा लागतो.

पटवारी कुणाचा सातबारा तोंडपाठ सांगत नाही. गट नंबर विचारतो, रजिस्टर काढतो, पान उघडतो आणि वाचून दाखवतो. तुम्हाला तेच पाहिजे. ह्या पद्धतीला रॅग म्हणतात. नाव २०२०च्या एका शोधनिबंधातून आलं. त्यात तुमच्या नोंदींचे छोटे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याच्या अर्थाचा आकड्यांमधला एक ठसा तयार होतो, त्याला एम्बेडिंग म्हणतात. प्रश्नाचाही तसाच ठसा काढतात, त्याच्या जवळचे पाच-सहा तुकडे उचलतात आणि ते मॉडेलसमोर ठेवून सांगतात: हे वाच आणि ह्यातूनच बोल. मॉडेल काहीच शिकत नाही. म्हणून सारा भार दोन गोष्टींवर येतो: तुकडे नीट लिहिले आहेत का, आणि योग्य तुकडा हाती लागतो का.

तुमचा प्रयोग बहुधा ह्या दोन्ही ठिकाणी फसला. फोटोतलं हस्ताक्षर त्या ॲपला मजकूर म्हणून मिळालंच नसावं. शोधणारं एम्बेडिंग इंग्रजीसाठी घडवलेलं असेल तर मराठी प्रश्नाला मराठी तुकडा सापडत नाही. समोर काहीच आलं नाही की मॉडेल आपल्या सामान्य माहितीतून उत्तर रचतं, आणि तितक्याच ठामपणे बोलतं.

आता सगळ्यात मोठ्या कामाकडे या. डायऱ्या टाईप करणं. टेसेरॅक्टसारखी मोफत ओसीआर (फोटोतली अक्षरं वाचणारी) साधनं छापील मराठी बऱ्यापैकी वाचतात, हस्ताक्षरापुढे हात टेकतात. फोटो वाचणारी मोठी मॉडेलं हस्ताक्षर वाचतात, पण न लागलेल्या शब्दाच्या जागी शोभेल असा दुसरा शब्द घालतात. ‘२ पंप’चे ‘२० पंप’ झाले तर वाचताना कळतही नाही. तुमच्या घरी ह्याहून चांगला मार्ग आहे: तुम्ही डायरी मोठ्यानं वाचा, बाबांना शेजारी बसवा, आणि फोनवरच्या मराठी व्हॉइस टायपिंगनं नोंद उतरवा. कुठं अडलं की बाबा सांगतील.

वेळेचा हिशोब आधी मांडा. एका डायरीत ३०० भरलेली पानं आणि पानामागे २ मिनिटं धरली तर १९ डायऱ्यांना १९० तास लागतात. एवढं एका दमात कुणाच्यानं होत नाही आणि अर्ध्यात सुटतं. म्हणून २०१८ ते २०२२ ह्या पाच घ्या. ५० तास, रोज एक तास म्हटलं तर दोन महिन्यांच्या आत हातावेगळं होतं. २०१२च्या डायरीतली फक्त ऑगस्ट ते ऑक्टोबरची पानं त्यात जोडा, कारण तुमचा आजचा प्रश्न तिथला आहे. बाकीच्या डायऱ्यांचे नुसते फोटो काढून ठेवा: दिवसाच्या उजेडात, पान सपाट धरून, मोबाईलची सावली न पाडता, आणि फाईलच्या नावात डायरी क्रमांक व पान क्रमांक टाकून.

नोंद जशीच्या तशी उतरवली तर काम बिघडतं. समजा पानावर एवढंच आहे:

‘व.वा. प. लाल. ८ दिस पाणी नाही. ३ पंप. म. २.’

हा तुकडा कोणत्याही शोधाला सापडणार नाही. त्यात वर्ष नाही, वावर नाही, पिकाचं नाव नाही. तो असा लिहा:

‘तारीख: १२ सप्टेंबर २०१२. डायरी ९, पान २५६. वावर: वरचं वावर. पीक: पऱ्हाटी, कापूस, कपाशी. विषय: लाल्या, पानं लाल पडणं. काम: फवारणी, ३ पंप, पंप १५ लिटरचा. औषध: नोंदवलेलं नाही. मजूर: २. पाऊस: ८ दिवस नाही. बाबांचे शब्द: व.वा. प. लाल. ८ दिस पाणी नाही. ३ पंप. म. २.’

दोन गोष्टी इथं मुद्दाम केल्या आहेत. ‘औषध: नोंदवलेलं नाही’ हे शब्दांत लिहिलं. जागा रिकामी सोडली तर मॉडेल ती भरायला धावतं. ‘नाही’ असं लिहिलेलं दिसलं की थांबतं. आणि पऱ्हाटीशेजारी कापूस, कपाशी हे शब्द प्रत्येक नोंदीत घातले, कारण बाबा पऱ्हाटी म्हणतात, विद्यापीठ कपाशी लिहितं, तुम्ही कधी कापूस विचाराल. वऱ्हाडी शब्दांची वेगळी फाईल करून भागत नाही, ती फाईल योग्य वेळी उचलली जाईलच असं नसतं. वावर म्हणजे शेत, धुरा म्हणजे बांध, कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा. जिथं शब्द आला तिथंच त्याचा जोडीदार लिहा.

तारखांना जपा. पुष्कळ घरांत फुकट मिळालेली जुनी डायरी पुढच्या वर्षी वापरतात. छापील तारीख एका वर्षाची, मजकूर दुसऱ्या वर्षाचा. प्रत्येक डायरीचं खरं वर्ष बाबांना विचारून पहिल्या पानावर टाका. नोंद सणावरून असेल तर तारीख काढून लिहा. ‘पोळ्याला फवारलं’ हे वर्षागणिक सरकतं: २०२३ला अधिक श्रावणामुळे पोळा १४ सप्टेंबरला आला, २०२४ला २ सप्टेंबरला. मॉडेलला हे गणित धड येत नाही. मृग, आर्द्रा ही नक्षत्रं इंग्रजी तारखांशी जवळपास पक्की असतात, तरी तिथंही तारीख लिहिलेली बरी.

आकड्यांच्या प्रश्नांसाठी वेगळी सोय लागते. इथं बहुतेकांचा घात होतो. ‘पाच वर्षांत खालच्या वावरात सोयाबीन एकरी सरासरी किती झालं?’ असं विचारलं की शोध सहा तुकडे उचलतो आणि मॉडेल त्या सहांचीच सरासरी सांगतं. उरलेल्या नोंदी त्याला दिसलेल्याच नसतात आणि उत्तरात तसं कुठं म्हटलेलंही नसतं. म्हणून पेरणी, उत्पन्न, खर्च आणि विक्री गूगल शीटमध्ये किंवा लिब्रे-ऑफिसच्या कॅल्कमध्ये भरा. रकाने एवढेच: तारीख, वावर, पीक, वाण, काम, प्रमाण, एकक, रुपये, क्विंटल, भाव. बेरीज-सरासरी शीटला करू द्या. शीटमध्ये आकडे इंग्रजी अंकांत टाका; देवनागरी अंक ती अनेकदा अक्षरं समजते आणि बेरीज शून्य दाखवते.

क्षेत्राचं एकक एकच ठेवा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि बाबा एकरात बोलतात. ०.८१ हेक्टर म्हणजे २ एकर. मॉडेलनं ०.८१ला एकर समजून भागाकार केला तर एकरी उत्पन्न जवळजवळ अडीच पट दिसतं. फवारणीचंही तसंच: शिफारस १० लिटर पाण्याला असते, पंप १५ किंवा १६ लिटरचा. १० लिटरला ४ ग्रॅम असेल तर १५ लिटरच्या पंपाला ६ ग्रॅम. हे गुणाकार मॉडेलकडून करून घेऊ नका.

विद्यापीठाच्या पीडीएफची आधी एक परीक्षा घ्या. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटलं तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटला तर ती पीडीएफ कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये आहे: डोळ्यांना मराठी, कॉम्प्युटरला कचरा. अशी फाईल युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरला कळणाऱ्या मराठीत) बदलून घ्या, नाहीतर ३०० डीपीआयनं स्कॅन करून टेसेरॅक्टची मराठी भाषा निवडून वाचवा. पीडीएफमधले तक्ते हातानं वाक्यांत लिहा, कारण तक्ता मोडला की औषध एका ओळीत राहतं आणि प्रमाण दुसऱ्याच औषधाला जाऊन लागतं. तुकडा कुठं तुटतो तेही पाहा. गुलाबी बोंडअळीसाठी आर्थिक नुकसानीची पातळी आहे कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री, प्रत्येक रात्री प्रति सापळा ८ पतंग. ‘सलग ३ रात्री’ एका तुकड्यात आणि ‘८ पतंग’ दुसऱ्यात गेले, तर एका रात्रीच्या पतंगांवर फवारणीचा सल्ला मिळेल.

मग सॉफ्टवेअर. हा भाग सोपा आहे, म्हणून लोक इथूनच सुरुवात करतात आणि फसतात. नेट असेल तेव्हाच विचारायचं असेल आणि डायऱ्या गूगलकडे गेल्या तरी चालत असतील, तर गूगलचं नोटबुक-एलएम पुरेसं आहे. मजकूर टाका, मराठीत विचारा. उत्तराशेजारी कोणत्या उताऱ्यावरून सांगितलं ते दिसतं. घरच्या घरी, नेटविना पाहिजे असेल तर लॅपटॉपवर ओलामा (मॉडेल चालवणारं) आणि एनीथिंग-एलएलएम (फाईलींतून तुकडे शोधून मॉडेलला देणारं) टाका. उत्तरासाठी जेम्मा ३ चं ४ अब्ज आकड्यांचं मॉडेल, सुमारे ३.३ जीबी. शोधासाठी बीजीई-एम३, सुमारे १.२ जीबी, हे शंभरावर भाषांसाठी घडवलेलं आहे. चांगलं नेट असेल तिथं दोन्ही एकदा उतरवून घेतले की पुढे नेट लागत नाही. ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे एका उत्तराला मिनिटभर किंवा जास्तही लागेल. देवनागरी शब्दाचे मॉडेल बरेच बारीक तुकडे (टोकन) करतं, त्यानंही वेग उतरतो.

एनीथिंग-एलएलएममध्ये आधीपासून बसवलेलं एम्बेडिंग ऑल-मिनीएलएम नावाचं आहे आणि ते इंग्रजीसाठी आहे. ते तसंच राहू दिलं तर मराठी डायऱ्यांत शोध आंधळा होतो. फाईली टाकायच्या आधीच ते बदलून ओलामातलं बीजीई-एम३ निवडा. नंतर बदललं तर सगळ्या फाईली पुन्हा चढवाव्या लागतात, कारण जुने ठसे नव्या ठशांशी जुळत नाहीत. तुकड्याची लांबी ८०० ते १,००० अक्षरं ठेवा. ह्यात काना-मात्रा-वेलांट्याही अक्षरं म्हणूनच मोजल्या जातात, त्यामुळे तुकडा वाटतो त्यापेक्षा लहान होतो. दोन नोंदींमध्ये एक रिकामी ओळ सोडा. प्रश्नामागे उचलायचे तुकडे ६, साम्याची किमान अट काढून टाका, तापमान (उत्तर रचण्यातली मोकळीक) ०.१, आणि पद्धत ‘चॅट’ऐवजी ‘क्वेरी’, पण किमान अट नसली की काही ना काही तुकडे नेहमीच उचलले जातात, त्यामुळे ‘सापडलं नाही’ म्हणायला खालच्या सूचनेनंच लावायचं. ओलामातली संदर्भाची मर्यादा ८,१९२ टोकन करा. ती लहान राहिली तर दिलेल्या मजकुराचा काही भाग कापला जातो आणि तशी सूचनाही येत नाही.

सूचनेच्या चौकटीत साधं मराठी लिहा:

‘खाली दिलेल्या नोंदींमधूनच उत्तर दे. नोंद नसेल तर “डायरीत सापडलं नाही” एवढंच लिही. प्रत्येक उत्तराखाली तारीख, डायरी क्रमांक आणि पान लिही. बेरीज, सरासरी किंवा औषधाचं प्रमाण स्वतः काढू नको. औषधाचं नाव आलं तर “ही जुनी नोंद आहे, आजची शिफारस नाही” असं लिही.’

शेवटचं वाक्य काढू नका. २०१७च्या हंगामात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. आणि जुन्या डायऱ्यांत थिमेट, नुवान ही नावं निघणारच. थिमेट म्हणजे फोरेट, नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस. केंद्र सरकारच्या २०१८च्या आदेशानं ही दोन्ही आणि ट्रायझोफॉस ३१ डिसेंबर २०२०पासून बंद झाली. शोध इमानदारीनं जुनं पान काढून देईल आणि बाबांचा आवाज समजून तुम्ही ते ऐकाल. म्हणून अशा प्रत्येक नोंदीत टाईप करतानाच ‘हे औषध आता बंद आहे’ अशी ओळ घाला. काय मारायचं ते आजच्या लेबलवरून आणि कृषी अधिकाऱ्याकडून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून ठरवा. लाल्याचंच पाहा: पऱ्हाटी मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडल्यानं लाल होते, रात्री गार पडल्यानं होते, पाण्याच्या ताणानं होते, तुडतुड्यांनी होते. २०१२चं कारण आणि यंदाचं कारण एकच असेल हे डायरी सांगू शकत नाही. ८ दिवस पाऊस नव्हता एवढं ती सांगेल, आणि तेवढंही वावरात जाऊन पाहण्याआधी कामाचं आहे.

सगळं बसलं की बाबांच्या हाती देण्याआधी ३० प्रश्न कागदावर लिहा. २० असे, ज्यांचं उत्तर तुम्ही डायरीत स्वतः पाहिलं आहे. ५ असे, ज्यांचं उत्तर डायरीत नाहीच. तिथं ‘सापडलं नाही’ आलं पाहिजे. उरलेले ५ फसवे: वर्ष चुकवून विचारा, वावर बदलून विचारा. उत्तर चुकलं की लगेच मॉडेल बदलायला धावू नका. आधी उत्तराखाली दाखवलेले तुकडे उघडा. बरोबर नोंद त्यात नसेल तर दोष शोधाचा आहे: नोंदीत शब्द घाला, तुकडा नीट करा. बरोबर नोंद त्यात असून उत्तर चुकलं असेल तर दोष मॉडेलचा: सूचना कडक करा किंवा १२ अब्जवालं जेम्मा वापरून पाहा. ते सुमारे ८ जीबीचं आहे, १६ जीबी रॅममध्ये बसतं, पण बरंच मंद चालेल.

फोनवर नोटबुक-एलएम वापरणार असाल तर बाबांच्या बोलून विचारण्याची चिंता नको. फोनचं व्हॉइस टायपिंग मराठी घेतं आणि फोनचाच मराठी आवाज उत्तर वाचून दाखवतो. फक्त ‘पऱ्हाटी’चं ‘पराठी’ होऊ शकतं, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस प्रश्न पाठवण्याआधी तुम्ही एकदा नजर टाका. बाबा ‘मागच्या साली’ म्हणतील तिथं वर्ष घालून विचारायची सवय लावा. ‘मागचं साल’ म्हणजे कोणतं, ते शोधाला कळत नाही.

डायरीत दुसऱ्यांची उसनवारी, सालदाराचे उचलीचे पैसे, घरातली भांडणंही असतील. ती टाईपच करू नका, विशेषतः मजकूर नेटवर ठेवणार असाल तर. टाईप केलेल्या फाईली आणि फोटो एका पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा; लॅपटॉप गेला तर सॉफ्टवेअर पुन्हा मिळतं, नोंदी मिळत नाहीत.

आणि टाईप करायला बसण्याआधी, ह्याच आठवड्यात, एक कोरी वही घ्या. बाबांनी वापरलेलं प्रत्येक आखूड अक्षर त्यांना विचारून त्यात उतरवा: ‘व.वा.’ म्हणजे कोणतं वावर, ‘म.’ म्हणजे मजूर की मळणी, कोणत्या साली पंप कोणता होता, वहीतली ‘बॅग’ ५० किलोची की ४५ची. आज हे फक्त त्यांना माहीत आहे.